वीतभर पाण्यात चालणारी सांगड



पौड सोडून ताम्हिणीच्या वाटेला लागलं की मुळशीचा जलाशय दिसू लागतो. 1921 साली इथल्या शेतकऱ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंगवास सोसला. तरीही इथली भातखाचरं पाण्याखाली गेली, ती गेलीच. धरणाचं पाणी आजही डोंगरापलीकडे, कोकणातल्या भिऱ्याच्या वीजघराकडे जातं. उन्हाळ्यात पातळी उतरली की काठाकाठाने जुने बांध, दगड आणि झाडांची खुंटं वर येऊ लागतात. मासेमाराची खरी पंचाईत तिथे होते. लाकडी होडीचा तळ बांधाला घासतो. टायरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकावं, तर एखादं टोकदार खुंट पुरे! आणि गुडघाभर पाणी एका बांधापलीकडे कमरेच्या वर जातं, पुढे जुन्या ओढ्यात पाय टेकतच नाहीत.

अशा पाण्यासाठी घरच्या घरी बांधता येईल अशी सांगड आज सांगतो. सामान साधंच: 200 लिटरची चार निळी प्लास्टिकची पिंपं, जून बांबू, फळ्या आणि दोरी.

आधी हिशोब. जितकं वजन, तितकं पाणी बाजूला सारावं लागतं. चार पिंपं पूर्ण बुडाली, तर सुमारे 800 किलो पेलतील. दोन माणसं 130 किलो, बांबू-फळ्या 60, पिंपांचं स्वतःचं वजन 40 आणि जाळं-मासळी 30 धरली, तर बेरीज 260 होते. म्हणजे पिंपांचा जेमतेम तिसरा हिस्सा पाण्यात राहील. आडव्या पिंपाची जाडी पावणेदोन-दोन फूट असते. तेव्हा बुडणारा भाग होतो साधारण वीतभर. एवढ्या पाण्यात सांगड बांधावरून अलगद सरकते.

आता रचना. पिंपं दोन रांगांत, एकामागे एक अशी आडवी ठेवा आणि दोन रांगांच्या मध्ये चांगलं अंतर सोडा. सांगड उलटू न देणारी गोष्ट हीच. जाळं ओढताना दोघंही एका कडेला येतात. रांगा दूर असल्या, तर त्या बाजूची पिंपं निम्मी बुडतात आणि तिथेच थांबतात. रांगा चिकटवून ठेवल्या, तर माणसं पाण्यात जातात. फळ्यांची कडही पिंपांच्या बाहेर काढू नका.

गुळगुळीत पिंप दोरीतून निसटतं. म्हणून प्रत्येक रांगेच्या दोन्ही अंगांना लांब बांबू घाला, पिंप त्यांच्या खोबणीत बसू द्या, आणि प्रत्येक पिंपाला दोन ठिकाणी दोरी आवळा. उन्हाने नायलॉनची दोरी कमकुवत होते, म्हणून दरवर्षी ती बदला. बुचं नेहमी वरच्या अंगाला ठेवा. दुपारी तापलेली पिंपातली हवा संध्याकाळी आकसते. बूच सैल असेल आणि पाण्याखाली असेल, तर पाणी आत शोषलं जातं. तोंड मोठं असेल, तर पिंपात घट्ट झाकणाच्या रिकाम्या बाटल्या भरून ठेवा. भोक पडलं तरी सांगड तरंगत राहील. औषधाचं किंवा रसायनाचं पिंप मात्र घेऊच नका. ते विष पाण्यात आणि माशांत उतरतं.

पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला निघतात, तेव्हा जाळं घरीच ठेवा. धरणाच्या व्यवस्थापनाची आणि तिथल्या मासेमारीचा हक्क असलेल्यांची परवानगी घ्या. धरणाच्या भिंतीपाशी आणि पाणी ओढून घेणाऱ्या तोंडापाशी कधीही जाऊ नका. अंगात तरंगण्याचं जाकीट हवंच, पोहता येणाऱ्यालाही.

आणि सांगड बांधून झाली की लगेच आत नेऊ नका. काठाशी, कमरेएवढ्या पाण्यात लांब दोरीने बांधा. वाळूची पोती चढवा, मग दोघं मिळून एकाच कडेला उभे राहा. कड पाण्याखाली गेली, तर रांगा आणखी दूर करा आणि पुन्हा तीच परीक्षा घ्या. घरात माणसं वाट पाहत असतात. तेव्हा सांगड या परीक्षेत उतरल्यावरच आत न्या.