चिकित्सेचा चौथा पाद



शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी घडणारे एक दृश्य बहुतेक प्रत्येक कुटुंबाच्या परिचयाचे आहे. रुग्णाला स्ट्रेचरवरून आत नेले जाते, दार बंद होते आणि थोड्याच वेळात परिचारिका दोन-तीन छापील कागद घेऊन बाहेर येते. ‘नातेवाईक कोण आहेत? इथे सही करा.’ थोरला मुलगा किंवा जावई पुढे होतो, कोणाच्या तरी खिशातले पेन मागून घेतो आणि परिचारिकेने बोट ठेवलेल्या जागी सही करतो. कागदावर काय लिहिले आहे, हे कोणी वाचत नाही. वाचायचे म्हटले तरी मजकूर पुष्कळदा इंग्रजीत असतो. आणि ज्याच्या देहावर शस्त्र चालणार आहे, त्याला तर त्या कागदाची वार्ताही नसते.

रुग्णाचे हक्क आणि त्याची कर्तव्ये यांचा विचार या दारापासूनच सुरू करावा लागतो. हक्क हिरावून घेतो तो डॉक्टर किंवा रुग्णालयाचे व्यवस्थापन, अशी सर्वसाधारण समजूत असते आणि ती अनेकदा खरीही ठरते. पण रुग्णाच्या हातून त्याचा पहिला हक्क काढून घेतात ती त्याची स्वतःची, त्याच्यावर जीव टाकणारी माणसे, हे सत्य सहसा बोलले जात नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार-चार गुण दिले आहेत. वैद्याच्या गुणांचा उल्लेख पदवीदान समारंभात हमखास होतो, परिचारकाचाही क्वचित होतो. रुग्णाच्या गुणांकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. ते असे : स्मृती, वैद्याच्या निर्देशाप्रमाणे वागणे, निर्भयता आणि आपल्या व्याधीची माहिती नीट देता येणे. या चौघांत चरकाने प्रमुख स्थान वैद्याला दिले आहे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि आज्ञापालन हा रुग्णाच्या चार गुणांपैकी केवळ एक आहे. उरलेले तीन गुण गप्प पडून राहणाऱ्या माणसाला उपयोगाचे नाहीत. आठवण ठेवायची ती सांगण्यासाठी, माहिती द्यायची ती समोरच्याला समजावी म्हणून, आणि निर्भयतेत उपचारांना सामोरे जाण्याचे धैर्य आहे तसे वैद्याला प्रश्न विचारण्याचे धैर्यही येते.

यांतील स्मृतीचे काम आजच्या काळात कागद करतात. जुने केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी एका पिशवीत तारीखवार लावून ठेवणे हे रुग्णाचे कर्तव्य आहे, आणि ते कागद मिळणे हा त्याचा हक्क आहे. वैद्यक व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदींच्या प्रती द्याव्या लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे त्या नोंदी जतन कराव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच रुग्णाचा हा हक्क मान्य केला होता. असे असूनही अनेक घरांत कागद मागायचे सुचते ते तक्रार करायचे ठरल्यावर, म्हणजे दोन्ही बाजूंची मने कडवट झाल्यावर. घरी जाताना शांतपणे एक लेखी अर्ज दिला असता, तर तोच कागद पुढच्या डॉक्टरच्या हाती पडून उपयोगी ठरला असता.

माहिती देण्याच्या बाबतीत सुशिक्षित कुटुंबेही मागे नाहीत! रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपर्यंत सांगितले जात नाही. शेजारच्या गावातील वैद्याचे चूर्ण सुरू असते, पण डॉक्टर रागावतील म्हणून ते लपवले जाते. मधुमेही गृहिणी चतुर्थीचा उपवास धरते आणि इन्सुलिनची मात्रा मात्र रोजचीच घेते. दारू आणि तंबाखू यांचे खरे प्रमाण पत्नीसमोर सांगायचे नसते. वस्तुतः डॉक्टरला एकांतात सांगितलेले गुप्त राहावे, हाही रुग्णाचा हक्कच आहे. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, असा उपदेश चरकाने विमानस्थानात वैद्यविद्येच्या शिष्याला केलेला आहे. हा हक्क रुग्णाला ठाऊक असता, तर खरे सांगण्याचे कर्तव्य पाळणे त्याला जड गेले नसते. आणि निर्देशपालनाचे तर विचारूच नये. क्षयरोगाचा उपचार साधारणतः किमान सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले की गोळ्या सुटतात. पुढे तोच रोग औषधांना न जुमानणारा होऊन परततो आणि घरातल्या नातवंडालाही गाठू शकतो.

तातडीच्या प्रसंगी मात्र यांतले काहीच शक्य नसते. बेशुद्ध माणूस ना आठवू शकतो, ना सांगू शकतो. तेथे त्याच्या पाठीशी कायदा उभा राहावा लागतो, आणि तो उभा राहायला दोन माणसांच्या यातना खर्ची पडल्या. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयात नेले असता, येथे पोलीस प्रकरणे घेतली जात नाहीत असे सांगून सुमारे २० किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठविण्यात आले. वाटेतच त्याचा मृत्यू झाला. वृत्तपत्रातील ही बातमी घेऊन परमानंद कटारा हे वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. पोलिसांचे सोपस्कार नंतर, प्राण वाचविणे आधी, आणि हे बंधन सरकारी व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरवर आहे, असा निकाल १९८९ मध्ये लागला. त्यानंतरही १९९२ च्या जुलैमध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठविले. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून तो वाचला. सरकारकडे पैसा नाही ही सबब जगण्याच्या हक्कापुढे टिकत नाही, असे सांगून १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई दिली. रक्कम अल्प असेल, पण तत्त्व मोठे होते.

अपघातग्रस्ताला उचलून नेणाऱ्या कार्यकर्त्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्या नागरिकाला संरक्षण दिले आहे. त्याला स्वतःचे नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. चौकशीचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने रस्त्यावरच्या जखमीला टाळण्याचे कारण आता उरलेले नाही.

पैशाचा प्रश्न याहून अवघड आहे. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. चरकाने रुग्णाच्या गुणांत धनाचा उल्लेख केला नाही; पुढे वाग्भटाने मात्र रुग्ण ‘आढ्य’, म्हणजे संपन्न, असावा असे म्हटले. आजच्या रुग्णालयांच्या हिशेबखात्याला वाग्भटच जवळचा वाटत असणार! महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ नुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली याविषयीची योजना १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आहे. इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. याच योजनेनुसार तातडीच्या रुग्णाला प्रथम दाखल करून घ्यावे लागते. त्याच्याकडून अनामत रक्कम मागता येत नाही. तहसीलदाराचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील ओळखपत्र घेऊन रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचे असते. ही साधी वाट ठाऊक नसल्यामुळे किती कुटुंबांनी जमिनीचा तुकडा किंवा घरातले सोने विकले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

मात्र याच खाटांची दुसरी कथाही आहे आणि ती मध्यमवर्गाला टोचणारी आहे. बऱ्यापैकी मिळकत असलेले गृहस्थ ओळखीने कमी उत्पन्नाचा दाखला मिळवितात, पुढाऱ्याचे पत्र आणतात आणि सवलतीची खाट पदरात पाडून घेतात. खाटा मोजक्याच असल्यामुळे अशी एक खाट अडली की खेड्यातून आलेला एक माणूस बाहेरच्या ओट्यावर झोपतो. यात फसवणूक केवळ रुग्णालयाची होत नाही.

संतापाचाही विचार केला पाहिजे. २००१ च्या ऑगस्टमध्ये एका लोकप्रिय नेत्याच्या निधनानंतर ठाण्यातील सिंघानिया रुग्णालय जमावाने पेटवून दिले; त्या वेळी आत इतर रुग्ण उपचार घेत होते. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीत त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. डोक्याला मार लागलेल्या रुग्णावर उपचार करणारा मेंदूशल्यविशारद तेथे नव्हता. हा दोष व्यवस्थेचा होता, मार मिळाला तो खरे सांगणाऱ्याला. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर रजेवर गेले आणि सरकारी रुग्णालयांच्या दारातून गोरगरीब परत फिरले. अशा हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे : तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नासधूस केलेल्या उपकरणांच्या किमतीच्या दुप्पट भरपाई.

दाद मागण्याचे मार्ग नाहीत असे नाही. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांच्या सनदेचा मसुदा तयार केला. त्यात रुग्णाच्या जबाबदाऱ्याही नमूद आहेत. महाराष्ट्राने २०२१ च्या नियमांद्वारे खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि उपचारांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. देयक थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवण्यासही या नियमांनी मनाई केली. दुसऱ्या बाजूने, उपचाराला यश आले नाही किंवा निदानात चूक झाली एवढ्यावरून डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही, हेही न्यायालयाने २००५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तक्रार करण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी माहीत असल्या पाहिजेत.

आता पुन्हा शस्त्रक्रियागृहाच्या त्या दाराकडे येऊ.

‘आजोबांना काही सांगू नका, ते खचतील’ हे वाक्य मराठी घरांत जितक्या प्रेमाने उच्चारले जाते, तितक्याच सहजतेने ते आजोबांचा अधिकार काढून घेते. वडिलांना कर्करोग झाल्याचे मुले, सुना, जावई आणि शेजारीही जाणतात. वडील मात्र ‘गाठ आहे, औषधाने जाईल’ एवढेच ऐकून केमोथेरपीच्या खोलीत जातात. कोणाचे देणे आहे, कोणाशी अबोला आहे, कोणती यात्रा राहिली आहे, याची आवराआवर करायला त्यांना अवधी मिळत नाही. घरातील स्त्रीच्या बाबतीत तर विचारण्याची पद्धतच नसते. तिचे गर्भाशय काढायचे की ठेवायचे, हे पती आणि सासू बाहेरच्या बाकावर बसून ठरवतात.

दिल्लीतील एका प्रकरणावर सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निकाल म्हणूनच प्रत्येक घराने समजून घेण्यासारखा आहे. १९९५ च्या मे महिन्यात ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री अतिरक्तस्रावाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी तिने संमती दिली होती. ती भुलीखाली असताना सहायक डॉक्टर बाहेर आल्या, दाराशी बसलेल्या तिच्या आईची सही त्यांनी घेतली आणि आत तिचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यात आले. तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. रुग्णाला आजाराचे स्वरूप, उपचाराचा हेतू, त्यातील धोके, अन्य पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम समजावून सांगितले पाहिजेत. प्राणावर बेतलेले नसेल, तर सज्ञान आणि विचारक्षम व्यक्तीच्या वतीने तिची आईसुद्धा संमती देऊ शकत नाही. शस्त्रक्रिया रुग्णाच्या हिताची होती की नाही, हा प्रश्नच तेथे उरत नाही.

त्या आईच्या मनात मुलीच्या काळजीखेरीज दुसरे काय असणार? समोर पांढऱ्या कोटातील व्यक्ती, हातात कागद, आत भुलीखाली असलेली मुलगी. अशा वेळी नाही म्हणण्याचे बळ कोणाला असते? पण तिला एवढे तरी विचारता आले असते की, आत्ता हे केले नाही तर माझ्या मुलीच्या जिवाला धोका आहे का? आणि उत्तर ‘नाही’ असे आले असते, तर पेन परत देऊन म्हणता आले असते, ‘मग तिला शुद्धीवर येऊ द्या. काय ते तीच सांगेल.’