ढोबळ भांडवल आणि आपला घसारा
(दौंडच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज कविता नाही. आकडा घेऊन आलोय. देशाच्या उत्पादनातला अमुक टक्के भाग भांडवल गुंतवणुकीत गेला, असं पेपरात छापून येतं आणि आपण पान उलटतो. शेअरबाजारवाल्यांचं लफडं म्हणून. मी म्हणतो, थांबा. वाचा.

देशाने वर्षात शंभर रुपयांचं पैदा केलं. खाल्लं-प्यालं ते संपलं. जे यंत्र, रस्ता, कालवा, इमारत होऊन पुढेही राबणार, ते स्थिर भांडवल. 1950-51 ला शंभरातले नऊ-दहा रुपये त्यात जात. 2011-12 ला 34 गेले. कोरोनाच्या वर्षी 27 पर्यंत घसरले, मग पुन्हा तिशीला टेकले. चीनचे चाळिसाच्या वर.

आर्थर लुईस हा सेंट लुशिया बेटावरचा काळा माणूस, 1979 चा नोबेलवाला. त्याने 1954 ला लिहिलं की चार-पाच टक्के बचत करणारा देश बारा-पंधरावर कसा जातो, हाच विकासाचा खरा प्रश्न. गावात रिकामे पडलेले हात उद्योगात कसे येतात, तेही त्याने मांडलं. पण छत्तीस वर्षं आधी, 1918 ला, बाबासाहेबांनी लहान शेतांवर निबंध लिहिला होता. शेत लहान की मोठं हे एकरावर ठरत नाही. त्यावर अवजारं किती, भांडवल किती, यावर ठरतं. शेतीवरचे जादा हात उद्योगाकडे वळवा. आपण जयंतीला डीजे लावतो, हा निबंध किती जणांनी वाचलाय? हात वर करा. बरं, राहू द्या.

आता इथलंच बघा. दौंड-मनमाड लाईन 1878 ची. 1876-77 च्या दुष्काळात तिचं मातीकाम दुष्काळी काम म्हणून झालं. उपाशी माणसांनी अर्ध्यापोटी भराव टाकला. भांडवल असंही तयार होतं. लाईन आजही राबतेय.

आणि आज रांजणगाव, कुरकुंभ. शेड उभी राहिली, मशिनरी आली, की आकड्यात भर. पण जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत, कारण जमीन नवी तयार होत नाही, फक्त हात बदलते. कोणाच्या हातातून कोणाच्या हातात, हे तो आकडा विचारत नाही. ते आपण विचारायचं.

माझंच सांगतो. मूळ गाव शिरूर तालुक्यात. बाप रेल्वेत गँगमन म्हणून दौंडला आलो. गावी वतनाचा तुकडा आहे. वतनं 1958 च्या कायद्याने गेली, जमीन रक्कम भरून परत नावावर मिळाली, पण नवीन अविभाज्य शर्तीवर. परवानगीशिवाय विकता येत नाही. सातबाऱ्यावर भावकीची अकरा नावं. मला लेथ मशीन घ्यायचं होतं, रांजणगावच्या छोट्या वर्कशॉपांचा जॉब करायला. एका बँकेत गेलो. साहेबांनी चहा पाजला, सातबारा पाहिला, शर्त वाचली, कागद परत दिला. तारण चालत नाही म्हणाले. पुढच्या महिन्यात मोटरसायकलला मात्र कर्ज लगेच मिळालं! गंमत बघा: लेथ आलं असतं तर ती गुंतवणूक. घरची मोटरसायकल म्हणजे उपभोग. मी हप्ते तेवढेच भरले, देशाच्या हिशेबात मात्र खाऊन बसलो.

1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी शेतीला आणि उद्योगाला भांडवल पुरवायची जबाबदारी सरकारवर टाकली होती. भीक म्हणून नव्हे, घटनेत लिहून. ते घटनेत आलं नाही.

अजून एक शब्द. हा आकडा ‘स्थूल’ असतो, म्हणजे ढोबळ. झीज वजा न करता. झीज वजा केली की निव्वळ. यंत्राच्या झिजेला घसारा म्हणतात, त्याचं वेगळं खातं असतं. बापाने पस्तीस वर्षं रुळाखाली खडी ठोकली. रूळ बदलले, स्लीपर बदलले, तो खर्च कुठेतरी लिहिलाय. त्याची कंबर गेली, ती कुठल्या खात्यात? मी शोधलं. खातंच नाही.

पुढच्या रविवारी प्रत्येकाने घरचा सातबारा आणायचा. भोगवटादार वर्ग 2 कोणाकोणाचा निघतो ते बघू, आणि तहसीलला अर्ज कसा लिहायचा ते तिथेच बसून लिहू. पेन ज्याने त्याने आणावा.