आपत्तीनंतरचा कारागीर



१८७२ साली पांझरेला आलेल्या महापुरात धुळे शहरातील कित्येक घरे वाहून गेली. अशा वेळी पडलेल्या घरांची मोजदाद होते. पण घराबरोबर गेलेले कुंभाराचे चाक, विणकराची फणी आणि बुरडाने भिजत घातलेले बांबू यांची नोंद क्वचितच होते.

खानदेशावर आपत्ती दोन रूपांनी येते. तापी, गिरणा, पांझरा यांचा पूर अवजारे आणि कच्चा माल नेतो, गिऱ्हाईक बहुधा शिल्लक राहते. अवर्षण अवजाराला हातही लावीत नाही. ते गिऱ्हाईकच नेते. १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यभर लक्षावधी हातांना खडी फोडण्याचे व मातीकामाचे काम मिळाले आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. ती मोठीच कामगिरी होती. परंतु मातीकामाची मजुरी पोट भरते, माग चालू ठेवीत नाही. पाऊस पडताच शेतकरी पेरणीला लागतो. त्याचे पीक घरात येऊन हाती पैसा खेळेपर्यंत कारागिराला मात्र वाट पाहावी लागते.

शिवाय कारागिराचा हंगाम ठरलेला असतो. पोळ्याचे मातीचे बैल, भुलाबाईच्या मूर्ती, दिवाळीच्या पणत्या हा सारा माल ऐन पावसाळ्यात किंवा त्याच्या पाठोपाठ तयार व्हावा लागतो. कच्च्या मडक्यांत पाणी शिरले, की त्यांची पुन्हा माती होते. मग आखाजीच्या घागरींपर्यंत घरात मोठी रक्कम येत नाही. मदत चार महिन्यांनी पोहोचली, तर तोवर सावकार पोहोचलेला असतो.

आपत्ती मदतीच्या निकषांत कारागिरांना स्थान आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. केंद्र शासनाने २०२२ ते २०२६ या कालावधीसाठी ठरविलेल्या निकषांत अवजारांच्या हानीसाठी ५,००० रुपये आणि कच्चा वा तयार माल गेल्यास आणखी ५,००० रुपये अशी तरतूद करण्यात आली. रक्कम लहान आहे, हे मान्य केले पाहिजे.

म्हणूनच खरेदीदाराची जबाबदारी येते. न्याय्य व्यापाराच्या जागतिक संघटनेचा दंडक असा, की कारागिराने मागणी केल्यास हस्तकलेच्या मालाची निम्मी किंमत बिनव्याजी आगाऊ द्यावी. आपत्तीनंतर या आगाऊ रकमेचे मोल देणगीहून अधिक. कारण तिच्यासोबत काम येते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधील धमडका गावच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले आणि अजरख छपाईचे रंग बिघडू लागले. तेथील काही छपाईकारांनी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसविले. घरे मिळाली असती, पण योग्य पाणी आणि मागणी नसती, तर ही कला तेथे रुजली नसती.

जळगाव जिल्ह्याला हा विचार परका नाही. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून अधिवेशननगर सजविले आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही भरले.

आज करावयाचे काम साधे आहे. मृगापूर्वी प्रत्येक गावातील कारागिरांची यादी त्यांच्या अवजारांसह ग्रामपंचायतीत तयार असावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार व टोपल्या विणणारे यांचा समावेश झाला. त्या नोंदणीची येथे मदत होईल. पंचनामा करणाऱ्याने घराच्या भिंतींबरोबर पडवीतला माग आणि परसातली भट्टीही पाहावी, आणि नुकसानीची नोंद त्याच दिवशी करावी.