सद्गुण म्हणजे मुरलेली सवय

ख्रिस्ती जीवनात सद्गुण म्हणजे नुसतं नियमपालन नव्हे… ती मुरलेली सवय. येशूच्या दाखल्यातला शोमरोनी आठवा. वाटेत घायाळ माणूस पडलेला. याजक बाजूनं निघून गेला… लेवीही गेला. शोमरोन्यानं मात्र जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला… त्याला उतारशाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार दिले, वरचा खर्चही कबूल केला. मला हा दुसरा दिवसच मोलाचा वाटतो. नुसता कळवळा रात्रीत ओसरतो… मुरलेली सवय सकाळीही टिकते.

कुणी विचारेल, सगळं सवयीनंच होत असेल, तर देवाची कृपा कशाला? १३व्या शतकातले ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस विश्वास, आशा आणि प्रीती यांना देवाचंच दान मानत… पण त्या दानालाही ते सवयच म्हणत. आत देवानं रुजवलेली… आणि माणसानं रोज वापरायची.