नळराजाचा संकोच

पराक्रमी नायकाची प्रेमकथा सांगतांना कवि बहुधा त्याचें रूप, त्याचा रथ आणि त्याची कीर्ति यांच्या वर्णनांत रमून जातात. अशा पुरुषाच्या मनांतही भय असेल, आपण प्रियेस योग्य आहों कीं नाहीं ही शंका त्यास कुरतडीत असेल, असें वाचकांच्या सहसा मनांत येत नाहीं. आज मी अशा एका नायकाविषयीं बोलणार आहें, कीं ज्याची स्वतःविषयींची शंका हाच त्याच्या कथेचा गाभा आहे. निषध देशाचा राजा, वीरसेनाचा पुत्र नळ, हा तो नायक होय.

नळ आणि दमयंती हीं नांवें आपणांस नवीं नाहींत. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. तिचें माहेर कुंडिनपुर. अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या कांठीं असलेलें कौंडिण्यपूर तेंच, असें परंपरा मानते. श्रीहर्षानें या विषयावर बावीस सर्गांचें ‘नैषधीयचरित’ रचलें आणि रघुनाथ पंडितांनीं हंसाचें तें दौत्य मराठी घरांघरांत नेलें. १८१९ सालीं फ्रान्झ बॉप यांनीं मूळ आख्यान लॅटिन भाषांतरासह छापलें, तेव्हां युरोपांतील विद्वानांनाही त्याचा लळा लागला. परंतु श्रीहर्ष काय किंवा रघुनाथ पंडित काय, दोघांचीही दृष्टि स्वयंवर आणि मीलन यांच्या सोहळ्यावरच खिळलेली आहे. व्यासांचें तसें नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तींत आरण्यकपर्वाचे ५० ते ७८ हे अध्याय नलोपाख्यानाचे आहेत. त्यांतील पहिल्या पांचांत विवाह उरकतो. उरलेले चोवीस अध्याय त्यानंतर काय झालें हें सांगण्यांत खर्ची पडले आहेत.

प्रथम स्वयंवराचा मंडप पाहूं. इंद्र, अग्नि, वरुण आणि यम हे चौघे नळाचेंच रूप घेऊन आले आणि दमयंतीस पांच नळ दिसूं लागले. ती देवांनाच शरण गेली. तेव्हां त्यांनीं आपलीं चिन्हें प्रकट केलीं. त्यांच्या अंगावर घाम नव्हता कीं धूळ नव्हती. त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, माळा ताज्या होत्या आणि पाय भुईला टेकलेले नव्हते. पांचव्या पुरुषाची मात्र सांवली पडली होती, माळ कोमेजली होती, अंगावर धूळ आणि घाम होता. दमयंतीनें त्यालाच वरिलें. श्रोतेहो, रूपानें तर पांचही सारखेच होते. नळ ओळखूं आला, तो त्याच्या मर्त्यपणाच्या खुणांवरून. चार लोकपाल समोर असतां जिला घाम येणारा आणि ज्याची माळ सुकते असा पुरुष हवासा वाटला, तिच्यापाशीं आपली दुर्बलता लपविण्याचें नळास वस्तुतः कांहींच कारण नव्हतें.

पण तें त्याच्या ध्यानांत राहिलें नाहीं. बारा वर्षांनीं, एके दिवशीं पाय न धुतां त्यानें संध्या केली, तेवढें निमित्त साधून कलि त्याच्या देहांत शिरला. बंधु पुष्करानें द्यूताचें आव्हान दिलें आणि कित्येक महिने फांसे पडत राहिले. मंत्री व प्रजाजन दाराशीं येऊन उभे राहिले, दमयंतीनें रडत विनविलें. राजानें एका शब्दानेंही उत्तर दिलें नाहीं. अखेर तिनें वार्ष्णेय सारथ्याबरोबर दोन्ही मुलें माहेरीं धाडलीं. राज्य गेलें. एकेका वस्त्रानिशीं नगराबाहेर पडून दोघांनीं तीन रात्री केवळ पाण्यावर काढल्या. पुढें भुकेनें व्याकुळ होऊन नळानें पक्षी धरण्यासाठीं आपलें वस्त्र त्यांच्यावर टाकलें. पक्षी तेंही घेऊन उडून गेले.

यानंतर जो संवाद येतो, तो माझ्या मतें सबंध आख्यानाचें मर्म आहे. नळ दमयंतीस वाटा दाखवूं लागतो. ही दक्षिणेची, ही विदर्भाची, ही कोसलांची, असें तो पुन्हा पुन्हा सांगतो. तिला त्याचा हेतु कळतो आणि तिच्या काळजांत धस्स होतें. विदर्भास जावयाचेंच असेल तर दोघेंही जाऊं, माझे वडील तुमचा मान ठेवतील, असें ती सुचविते. त्यावर नळ म्हणतो, कीं पूर्वीं मी वैभवानें तेथें गेलों आणि तुझा आनंद वाढविला. आतां अशा विपन्न स्थितींत जाऊन तुझें दुःख कसें वाढवूं? या नकाराचा भार मी कलीवर टाकणार नाहीं. हा संकोच नळाचा स्वतःचा आहे. आपली किंमत ती आपल्या राज्याची, आणि तें गेल्यावर आपल्यांत दमयंतीनें प्रेम करावें असें कांहीं उरलें नाहीं, अशी त्याची समजूत झाली होती.

त्याच रात्रीं एका धर्मशाळेंत दोघें एका वस्त्रांत भुईवर निजलीं. मजपासून सुटली तर ही माहेरीं जाऊन सुखी होईल, असा विचार करीत नळ जागाच राहिला. तेथेंच पडलेल्या एका तरवारीनें त्यानें अर्धें वस्त्र कापलें आणि तो निघाला. परत आला, रडला, पुन्हा गेला. त्याच्या त्या मनास व्यासांनीं झोपाळ्याची उपमा दिली आहे.

ही कथा शिकवितांना वर्गांतील एखादा मुलगा हटकून विचारी, कीं एवढा शूर राजा असा पळाला कां? कलीचें नांव सांगून मुलाला गप्प बसवितां येतें, पण प्रश्न तसाच राहतो. माझें उत्तर असें, कीं नळ दारिद्र्याला भ्याला नाहीं, श्वापदांनाही भ्याला नाहीं. दमयंतीनें आपणांस या दशेंत रोज पाहावें, याला तो भ्याला. हें भय त्यानें तिच्या कल्याणाच्या नांवाखालीं झांकलें. तिचें कल्याण कशांत आहे हें ठरवितांना तिचा शब्द मात्र त्यानें जमेस धरला नाहीं. आणि तिनें तो त्याच दिवशीं देऊन ठेवला होता!

पुढें कर्कोटक नागाच्या दंशानें त्याचें रूप पालटलें आणि अयोध्येच्या ऋतुपर्ण राजापाशीं तो बाहुक या नांवानें अश्वपाल होऊन राहिला. पूर्वरूप परत देणारीं दोन वस्त्रें कर्कोटकानें त्यास दिलीं होतीं. इच्छा होईल तेव्हां तीं नेसावयाचीं. तरी तो परक्याचे घोडे सांभाळीत राहिला. दमयंतीनें ब्राह्मणांकरवीं त्याचा माग काढला आणि आपल्या दुसऱ्या स्वयंवराची आवई ऋतुपर्णाच्या कानीं घातली. कारण एका दिवसांत अयोध्येहून विदर्भांत रथ नेईल असा सारथि नळावांचून दुसरा नव्हता. वाटेंत नळास ऋतुपर्णाकडून अक्षविद्या मिळाली आणि कलि त्याचा देह सोडून गेला. तथापि दमयंतीची भेट होतांच त्यानें काय केलें? आधीं आपल्या अपराधाचें खापर कलीवर फोडलें आणि लगेच, पतिव्रता दुसरा पति कसा वरते, असा दोष तिलाच दिला. ध्यानांत घ्या, कलि तेव्हां त्याच्या अंगांत नव्हता. स्वतःविषयींची शंका फार दिवस मनांत कोंडली, म्हणजे ती दुसऱ्यावरील संशय होऊन बाहेर पडते.

त्या भेटीपूर्वीं दमयंतीनें केशिनी दासीकडून बाहुकाची परीक्षा घेतली होती. त्याच्या हातांत चुरगळलेलीं फुलें अधिकच टवटवीत झालीं, त्यानें शिजविलेल्या अन्नाची चव तिनें ओळखली. ही देवांच्या वरांची साक्ष होती. मग तिनें मुलांना त्याच्याकडे पाठविलें. त्यांना पोटाशीं धरून तो मोठ्यानें रडला, आणि भानावर येतांच, हीं माझ्या मुलांसारखीं दिसलीं म्हणून रडूं आलें, असें केशिनीस सांगूं लागला. अश्रु खरे होते. लपविण्याची संवय अजून सुटली नव्हती. अखेर वायुदेवानें दमयंतीच्या शीलाची ग्वाही दिली, तेव्हां कोठें नळानें तीं वस्त्रें परिधान केलीं आणि चौथ्या वर्षीं तीं दोघें एकत्र आलीं.

ही कथा कोणाला सांगितली गेली, हेंही पाहण्यासारखें आहे. द्यूतांत सर्वस्व हरलेला युधिष्ठिर वनांत बसून, माझ्याहून दुःखी राजा कोणी झाला आहे काय, असें बृहदश्व ऋषींस विचारतो. ऋषि त्याला कधींही न डळमळलेल्या वीराची कथा सांगत नाहींत. हरलेल्या, लाजलेल्या, पळालेल्या आणि तरीही परत आलेल्या राजाची सांगतात, आणि शेवटीं त्यास अक्षविद्याही देतात.

श्रोतेहो, राजे गेले, पण नळाचा संकोच गेला नाहीं. नोकरी सुटते, व्यापार बुडतो, प्रकृति खालावते, आणि काल घर दणाणून सोडणारा कर्ता पुरुष बोलेनासा होतो. तो घर सोडून जात नाहीं हें खरें. पण पत्नीपासून, मुलांपासून तो मनानें रोज थोडाथोडा दूर होतो, आणि त्यांना दुःख नको म्हणून गप्प आहें, असें स्वतःस समजावितो. त्यानें आपलें भय घरच्या माणसांजवळ बोलून दाखवावें. दमयंतीनें सुचविलेली विदर्भाची वाट दोघांनीं मिळून चालावयाची होती. नळानें त्या दिवशीं तिचें ऐकलें असतें, तर इतक्या वर्षांचा वियोग टळला असता.