आमच्या ट्रॉलीवरची तीन औषधे



प्रसिद्ध कलावंत आणि त्यांची व्यसने या विषयावर बोलायला एखादा मनोविकारतज्ज्ञ यायला हवा, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. मी भूलतज्ज्ञ आहे. तरीही व्याख्यानमालेच्या संयोजकांना मी लगेच हो म्हटले, कारण या विषयाचा एक धागा थेट आमच्या ऑपरेशन थिएटरमधून जातो. मायकेल जॅक्सन २००९ साली गेला तो प्रोपोफॉलने. गायक प्रिन्स २०१६ साली गेला तो फेंटानिलने. ‘फ्रेंड्स’ मालिकेतला मॅथ्यू पेरी २०२३ साली गेला आणि त्याच्या मृत्यूचे मुख्य कारण होते केटामीन. ही तिन्ही औषधे रोज सकाळी आमच्या भुलीच्या ट्रॉलीवर मांडलेली असतात. तुमचे कधी हर्नियाचे, पित्ताशयाचे ऑपरेशन झाले असेल, तर यांपैकी एखादे तुमच्याही शिरेतून गेलेले असेल, आणि तुम्ही आज इथे सुखरूप बसला आहात.

मग तीच औषधे जगातल्या सर्वांत श्रीमंत, सर्वांत जपलेल्या माणसांचा जीव कशी घेतात? पैसा होता, बंगले होते, पगारी डॉक्टर होते. माझे म्हणणे असे की त्यातले शेवटचे, म्हणजे पगारी डॉक्टर, हेच पुष्कळदा कारण होते.

प्रोपोफॉलपासून सुरुवात करते. दुधासारखे पांढरेशुभ्र औषध. शिरेत दिले की अर्ध्या-एक मिनिटात माणूस भुलीत जातो. मात्र त्या अर्ध्या मिनिटात त्याची जीभ मागे पडू शकते, श्वास मंदावतो, कधी थांबतोही. ते अपेक्षितच असते. म्हणून आमचा हात रुग्णाच्या हनुवटीखाली असतो, शेजारी ऑक्सिजन चालू असतो, श्वासनलिकेत घालायची नळी तयार असते, आणि ऑक्सिजन खाली आला की ओरडणारा मॉनिटर लावलेला असतो. हे सगळे असेल तर प्रोपोफॉल अत्यंत सुरक्षित आहे. यातले काही नसेल आणि डॉक्टर खोलीबाहेर गेला, तर ते औषध राहत नाही.

जॅक्सनला झोप येत नव्हती. लंडनमध्ये त्याचे ५० कार्यक्रम ठरले होते, जुलै २००९ पासून. तिकिटे विकली गेली होती आणि लॉस एंजेलिसमध्ये तालमी चालू होत्या. त्याने एका परिचारिकेकडे हे औषध मागितले होते. तिने ते किती धोक्याचे आहे हे सांगून नकार दिला. ही गोष्ट तिने पुढे कोर्टात साक्षीत सांगितली. त्यानंतर डॉ. कॉनराड मरे आले. ते हृदयरोगतज्ज्ञ, भुलीचे शिक्षण नाही, डोक्यावर कर्ज. महिना दीड लाख डॉलर असा त्यांचा मेहनताना ठरला. एप्रिल ते जून या काळात त्यांनी प्रोपोफॉलच्या अडीचशेहून अधिक बाटल्या मागवल्या आणि सुमारे दोन महिने जवळजवळ रोज रात्री जॅक्सनला त्याच्या शयनगृहात ते दिले.

श्रोतेहो, भूल म्हणजे झोप नव्हे. झोपेत मेंदू आपली डागडुजी करत असतो. भुलीत ते काम तसे होत नाही. रात्रभर भुलीत पडलेला माणूस सकाळी उठतो तेव्हा झोप झाल्यासारखे त्याला वाटते, पण ती नैसर्गिक झोप नसते. दोन महिने असे काढलेल्या ५० वर्षांच्या माणसाकडून कुणीतरी नाचाच्या तालमी करून घेत होते. मरे यांच्या फोनमध्ये मे महिन्यातले एक ध्वनिमुद्रण सापडले. त्यात जॅक्सन जड, लडबडत्या जिभेने मुलांसाठी मोठे रुग्णालय उभारायचे असे म्हणतो. खटल्यात ते सर्वांना ऐकवले गेले. मी ते ऐकले आहे. तो आवाज अर्धवट भुलीतल्या माणसाचा आहे, हे ओळखायला मला मॉनिटर लागला नाही. प्रश्न एवढाच की तो फोनवर साठवून ठेवणाऱ्या डॉक्टरने दुसऱ्या दिवशी सगळे थांबवले का नाही.

२५ जूनच्या सकाळी खोलीत धोक्याचा इशारा देणारा मॉनिटर नव्हता. मरे फोनवर बोलत होते, हे फोनच्या नोंदींवरून सिद्ध झाले. जॅक्सनचा श्वास थांबल्याचे लक्षात आल्यावर त्यांनी पलंगावरच छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. रुग्णवाहिका बोलवायला सांगण्याआधी त्यांनी बाटल्या पिशवीत भरायला लावल्या, अशी साक्ष सुरक्षारक्षकाने दिली. आलेल्या वैद्यकीय पथकाला त्यांनी प्रोपोफॉलचे नावही सांगितले नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये ते सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले. चार वर्षांची शिक्षा झाली, त्यातली दोनच्या आसपास भोगून ते सुटले.

१ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात याच जॅक्सनला पाहायला लोटलेली गर्दी आठवणारे इथे काही जण असतील. त्याच्या तीन वर्षे आधी, १९९३ साली, वेदनाशामक गोळ्यांची सवय लागल्याचे सांगून त्याने जगाचा दौरा अर्ध्यावर सोडला होता. १९८४ मध्ये पेप्सीच्या जाहिरातीच्या चित्रीकरणात त्याचे डोके भाजले, तिथून त्याचा वेदनाशामकांशी संबंध सुरू झाला असे मानले जाते. म्हणजे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितले होते की मला हा आजार आहे. आमच्या क्षेत्रात असा पूर्वेतिहास असलेला रुग्ण आला तर फाइलीवर लाल अक्षरात लिहितात.

कलावंताला औषधांच्या जोरावर उभे ठेवायची ही पद्धत जॅक्सनपासून सुरू झालेली नाही. अभिनेत्री आणि गायिका ज्युडी गार्लंड १३ वर्षांची असताना, १९३५ साली, एमजीएम स्टुडिओने तिच्याशी करार केला. वजन वाढू नये आणि दिवसभर चित्रीकरण चालावे म्हणून अँफेटामिनच्या गोळ्या. त्यांनी उडालेली झोप यावी म्हणून रात्री बार्बिच्युरेट. लहान मुलीला हे स्टुडिओत दिले जात होते, असे तिने पुढे सांगितले. बार्बिच्युरेटबद्दल आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात: झोप येण्यासाठी लागणारा डोस सवयीने वाढत जातो, पण श्वास थांबवणारा डोस त्या प्रमाणात वाढत नाही. दोहोंतले अंतर वर्षागणिक घटत जाते. २२ जून १९६९ रोजी लंडनमध्ये ते अंतर संपले. ज्युडी ४७ वर्षांची होती. तपासणी अधिकाऱ्याने तिचा मृत्यू अपघाती ठरवला, आणि मला ते पटते. मरायचे ठरवून तिने काही घेतले नाही; ती वर्षानुवर्षे कड्याच्या काठावरून चालत होती, आणि त्या काठावर तिला लहानपणी मोठ्या माणसांनी आणून सोडले होते.

एल्व्हिस प्रेस्लीची गोष्ट मला त्याहून विलक्षण वाटते. २१ डिसेंबर १९७० रोजी तो व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटला. त्याला अमली पदार्थविरोधी खात्याचा अधिकृत बिल्ला हवा होता. तो त्याला मिळालाही. तो ढोंग करत नव्हता. रस्त्यावरची पोरे घेतात ते ड्रग, आणि डॉक्टर लिहून देतात ते औषध, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्याचे डॉक्टर जॉर्ज निकोपोलोस यांनी १९७७ च्या पहिल्या आठ महिन्यांत त्याच्या नावावर उत्तेजके, झोपेची औषधे, वेदनाशामके अशा दहा हजारांहून अधिक मात्रा लिहिल्या. आपण त्याचा वापर आटोक्यात ठेवण्याचा प्रयत्न करत होतो, असा बचाव डॉक्टरांनी केला आणि १९८१ च्या फौजदारी खटल्यात ते निर्दोष सुटले; परवाना मात्र १९९५ मध्ये कायमचा गेला. याच डॉक्टरांनी घरासाठी एल्व्हिसकडूनच मोठे कर्ज घेतले होते. ज्याचे देणे लागतो त्याच्या तोंडावर ‘आज गोळी मिळणार नाही’ असे सांगायला किती धैर्य लागेल, ते तुम्हीच पाहा. १६ ऑगस्ट १९७७ रोजी एल्व्हिस गेला, वय ४२. त्या संध्याकाळी तो पुढच्या दौऱ्यासाठी निघणार होता.

इथे बिली हॉलिडेची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एल्व्हिसला बिल्ला देणाऱ्या खात्याच्या आधीच्या अवताराने या कृष्णवर्णीय गायिकेला अटक केली होती. १९४७ साली तिला तुरुंगात पाठवले गेले. सुटल्यावर न्यूयॉर्कच्या क्लबांत गाण्याचा परवाना नाकारून तिची रोजीरोटी तोडली. १९५९ मध्ये ती रुग्णालयाच्या खाटेवर मरत होती, तेव्हाही तिला तिथेच अटक झाली आणि दाराशी पोलीस बसवले गेले. व्यसन एकच, पण कुणाला डॉक्टर मिळेल आणि कुणाला पोलीस, हे कातडीचा रंग आणि खिसा ठरवत होते. आणि दुर्दैव असे की दोघांपैकी कुणालाही पुरेसे उपचार मिळाले नाहीत.

प्रिन्सबद्दल थोडक्यात. फेंटानिल आम्ही मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजतो. प्रिन्सच्या घरात वेदनाशामकासारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्या सापडल्या, त्यांत फेंटानिल होते. मृत्यूच्या आठवडाभर आधी विमानातच तो बेशुद्ध पडला, विमान वाटेत उतरवून त्याला उतारा दिला गेला. मग कुणीतरी कॅलिफोर्नियातल्या व्यसनमुक्ती तज्ज्ञाशी संपर्क साधला. त्या तज्ज्ञाचा मुलगा २१ एप्रिलच्या सकाळी घरी पोहोचला, तेव्हा प्रिन्स गेलेला होता.

केटामीनचे मला विशेष वाईट वाटते, कारण ते गरिबांचे औषध आहे. त्यात रुग्णाचा श्वास सहसा चालू राहतो, म्हणून साधने कमी असलेल्या ग्रामीण रुग्णालयांत त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. अलीकडे नैराश्यावरही ते देखरेखीखाली देतात आणि पेरीवर तसे उपचार चालू होते. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्याने बाहेरून मिळवायला सुरुवात केली. दोन डॉक्टरांनी सुमारे २० बाटल्या ५५ हजार डॉलरना पुरवल्या. बारा डॉलरची एक बाटली दोन हजारांना. त्यातल्या एकाने दुसऱ्याला संदेश पाठवून विचारले होते की हा मूर्ख किती पैसे देईल. इंजेक्शन कसे द्यायचे हे डॉक्टरने पेरीच्या घरातल्या मदतनिसाला शिकवले. त्या मदतनिसाला वैद्यकाचा गंध नव्हता. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याने मालकाला निदान तीन इंजेक्शने दिली आणि पेरी गरम पाण्याच्या टबात बुडालेला सापडला. रक्तातले प्रमाण ऑपरेशनसाठी भूल देताना असते तितके होते. माझ्या पेशाची शपथ घेतलेल्यांनी हे औषध असे पुरवले, आणि त्यांनी गुन्हा कबूल केला आहे.

पेरीने २०२२ मध्ये आत्मकथन लिहिले. आपण गेल्यावर ‘फ्रेंड्स’च्या आधी, दारू सोडायला लोकांना मदत करणारा माणूस म्हणून आपली आठवण निघावी, असे तो म्हणत असे. मालिबूतले स्वतःचे घर त्याने काही काळ व्यसनमुक्तांच्या निवासासाठी दिले होते. तो खोटे बोलत नव्हता. हा आजार असाच असतो: मदत करणारा आणि मदत मागणारा एकाच माणसात राहतात.

मग यातून कुणी वाचतो का? वाचतात. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांना १९७८ मध्ये नवऱ्याने आणि मुलांनी समोर बसवून दारू आणि गोळ्यांबद्दल तोंडावर सांगितले. त्या चिडल्या, रडल्या, आणि उपचाराला गेल्या. १९८२ साली त्यांनी व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे १९८३ मध्ये अभिनेत्री एलिझाबेथ टेलर दाखल झाली आणि तिने ते जगाला उघड सांगितले. तिथे तिला इतरांबरोबर खोली वाटून घ्यावी लागली, झाडलोट करावी लागली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तिथेही रुग्णाबरोबर घरच्यांना बोलावून बसवतात, ते एका कारणाने: रुग्णाचे खोटे सांभाळायची सवय घराला लागलेली असते.

अभिनेता संजय दत्तने स्वतःची हकिकत अनेक मुलाखतींत सांगितली आहे. हेरॉइन घेऊन तो झोपला, जाग आल्यावर जेवायला मागितले, तर घरातला नोकर रडायला लागला: तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, झोपूनच होतात. नोकराने खरे सांगितले. संजय उठून आरशासमोर गेला, आणि मग वडिलांकडे जाऊन म्हणाला, मला वाचवा. सुनील दत्त यांनी त्याला आधी मुंबईत, मग अमेरिकेत उपचारासाठी नेले. परतल्यावर काही दिवसांतच जुना विक्रेता माल घेऊन दाराशी आला होता. त्याला आपण परत पाठवले, असे संजय सांगतो.