जलमार्गाची रंगीत तालीम

अमेरिकेंतील टेक्सस प्रांताचें ह्यूस्टन बंदर समुद्रापासून बरेंच आंत आहे. तेथें पोहोंचण्यासाठीं गॅल्व्हेस्टनच्या उथळ खाडींतून सुमारें ५० मैलांचा मार्ग खोदलेला आहे. १९१४ सालीं तो खुला झाला, तेव्हां त्याची खोली २५ फूट होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती ४० फूट व रुंदी ४०० फूट होती. परंतु जहाजेंही तितकींच वाढलीं होतीं.

या मार्गांत समोरासमोर येणारीं दोन मोठीं जहाजें प्रथम एकमेकांच्या रोखानेंच चालतात. थोडें अंतर उरलें कीं दोन्ही पायलट आपापलें जहाज उजवीकडे वळवितात. नाळींपुढें दाटलेलें पाणी त्यांना दूर लोटतें. कांठालगतचें पाणी पिछाडीला कांठाकडे ओढूं लागतें. या ओढाताणींतून जहाज पुन्हां सरळ करण्याला हातांत कांहीं क्षणच असतात.

अशा मार्गाची रुंदी किती वाढवावी? अधिक खोदल्यास पैसा जातो, शिवाय खाडींतील कालवांचीं बेटें नष्ट होतात. कमी खोदल्यास तेलानें भरलेल्या जहाजांची टक्कर होण्याची भीति. खरीं जहाजें घेऊन हा प्रयोग करतां येत नाहीं.

म्हणून मिसिसिपी प्रांतांतील व्हिक्सबर्ग येथें, सैन्याच्या अभियंता-दलाच्या जलमार्ग-प्रयोगकेंद्रांत, त्याची तालीम झाली. तेथील सिम्युलेटरमध्यें सुकाणूं असतें आणि पुढील पडद्यावर खाडीचा देखावा उमटतो. वारा, प्रवाह, तळाची खोली व कांठाची ओढ हिशेबांत घेऊन जहाज कसें वळेल, हें संगणक ठरवितो. ह्यूस्टनच्या पायलटांनीं तेथें अद्याप न खोदलेल्या मार्गांतून जहाजें नेऊन पाहिलीं.

अशा परीक्षेंत जहाज सुखरूप गेलें, एवढेंच पुरेसें नसतें. कांठ किती फूट दूर राहिला आणि सुकाणूं किती वळवावें लागलें, याची नोंद होते. जेथें सुकाणूं वारंवार शेवटच्या टोंकापर्यंत फिरवावें लागतें, तेथें मार्ग अरुंदच समजावा. कारण संकटसमयीं वळवावयास कांहीं शिल्लक राहत नाहीं.

२००५ पर्यंत हा मार्ग ४५ फूट खोल व ५३० फूट रुंद झाला. पुढें आणखी मोठीं जहाजें येऊं लागलीं आणि २०२२ सालीं खाडींतील भाग ७०० फूट रुंद करण्याचें काम सुरू झालें. यावरून पहिली परीक्षा चुकली असें ठरत नाहीं. परीक्षा ज्या जहाजांची घ्यावी, उत्तर त्यांच्यापुरतेंच मिळतें. उद्यांचें जहाज केवढें असेल, हें मात्र माणसालाच ठरवावें लागतें.